नव्वद दिवसांनंतर गाडी अडेल

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि कित्येक वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर सभागृहे पुन्हा भरली. नव्या स्थायी समितीपुढे जे विषय हमखास येतात त्यांत कचरा असतोच. गाड्यांची खरेदी, वाहतुकीची निविदा, कुठल्याशा नव्या प्रकल्पाचे चकचकीत सादरीकरण आणि शहराबाहेरची एखादी ‘पर्यायी जागा’. या विषयांना मंजुरी देण्याआधी नगरसेवकांनी, आयुक्तांनी आणि घनकचरा विभागाच्या उपायुक्तांनी हा मजकूर वाचावा. त्यांना नव्वद दिवसांची मुदत देत आहोत. कशासाठी, आणि ती संपल्यावर काय, हे खाली लिहिले आहे.

आधी नारेगावची आठवण करून देतो. तेव्हाच्या औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा कचरा तीन दशके नारेगावच्या डेपोवर पडत होता. आसपासच्या गावांनी निवेदने दिली, आश्वासने घेतली, आणि १६ फेब्रुवारी २०१८ रोजी गाड्या अडवल्या त्या अडवल्याच. थोड्याच दिवसांत चौकाचौकांत ढीग लागले, ते पेटवले जाऊ लागले. महापालिकेने काय केले? दुसरी जागा शोधायला घेतली. ७ मार्चला पोलीस बंदोबस्तात गाड्या मिटमिट्याकडे निघाल्या. तिथे दगडफेक झाली, गाड्या पेटवल्या गेल्या, लाठीमार झाला, आणि पोलीस घरांत घुसल्याची दृश्ये सगळ्या राज्याने पाहिली. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले, महापालिका आयुक्तांची बदली झाली. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. रोज शेकडो टन कचरा काढणाऱ्या त्या शहराकडे ओला कचरा जिरवायची एकही धड व्यवस्था तेव्हा नव्हती. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथले प्रकल्प त्यानंतरचे.

हे अपवादाने घडले असे कुणी समजत असेल तर त्याने पुण्याकडे पाहावे. कोथरूडचा डेपो वस्तीत आला म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. कोथरूडच्या त्याच जागेवर आज मेट्रोचा वनाझ डेपो आहे. शहराची जागा सोन्याची झाली आणि गावच्या विहिरींचे पाणी काळे झाले. या दोन गावांनी किती वेळा रस्ता अडवला, एप्रिल २०१७ मध्ये डेपो पेटला तेव्हा किती दिवस गाड्या परत पाठवल्या, हे पुणेकरांना आठवत असेलच. त्या दिवसांत रॅम्पवर उभ्या राहिलेल्या भरल्या गाड्यांचा वास मध्यवस्तीत येत होता. २०१७ मध्येच ही गावे महापालिकेत घेतली गेली आणि पुढे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली गेली. गाव आत असो की बाहेर, कचऱ्याचा डोंगर तिथेच.

मुंबईत हाच विषय रुपयांत मोजता येतो. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाने टिपला, पालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने कचऱ्याची व्यवस्था नीट होईपर्यंत शहरात नव्या बांधकामांना परवानग्या देऊ नका असा आदेश दिला. तो पुढे सर्वोच्च न्यायालयात शिथिल झाला, पण बिल्डरांची झोप उडवणारा कचरा मुंबईने तेव्हा पहिल्यांदा पाहिला. आता देवनारचा सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हटवायचा आहे. त्यासाठी २०२५ मध्ये काढलेली निविदा २,३६८ कोटींची होती. हा खर्च फक्त मागचे निस्तरण्याचा. उद्या सकाळी जो कचरा निघेल, त्याचा यात एक रुपया नाही. मुंबईचा बहुतेक कचरा ज्या कांजूरमार्गला जातो, ती सुमारे १२० हेक्टर जमीन संरक्षित वनच आहे असा निकाल उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीवर देशाच्या आर्थिक राजधानीचा कचरा आज उभा आहे.

मुदतींबद्दल कुणी आम्हाला सांगू नये. २००० च्या नियमांनी प्रक्रिया प्रकल्प उभारायला ३१ डिसेंबर २००३ ची मुदत दिली होती. २०१६ च्या नियमांनी लाखावर लोकसंख्येच्या शहरांना दोन वर्षे दिली आणि जुने डेपो मोकळे करायला किंवा शास्त्रीय पद्धतीने झाकायला पाच. ती एप्रिल २०२१ मध्ये संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांडपाणी आणि घनकचऱ्यातल्या हयगयीबद्दल महाराष्ट्रावर १२,००० कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई लावली. या आकड्याने एकाही खातेप्रमुखाची पगारवाढ थांबल्याचे ऐकिवात नाही. आता २०२६ चे नवे नियम आले आहेत आणि त्यांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग घरातच करायचे आहेत. आजवर दोन भागांचा एकच भाग करून नेणाऱ्या यंत्रणेला हा कागद पाठवून काय होणार, हे घंटागाडीवरचा पोरगासुद्धा सांगेल.

आता नव्या तंत्राकडे येऊ, कारण सध्या सगळ्या सादरीकरणांत तेच आहे. आमचा त्याला विरोध नाही. इंदूरला फेब्रुवारी २०२२ पासून ५५० टन ओल्या कचऱ्याचा बायो-सीएनजी प्रकल्प आहे. पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला १७,००० किलो वायू, म्हणजे टनामागे तीस किलोच्या आसपास. चालवणारी कंपनी महापालिकेकडून टिपिंग फी, म्हणजे कचरा स्वीकारण्याचे शुल्क, घेत नाही, उलट वर्षाला सुमारे अडीच कोटी रुपये महापालिकेलाच देते असा तो करार. बाजारही आहे. शहरांना गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या सीएनजी-पीएनजीत २०२५-२६ पासून एक टक्का, पुढे तीन, चार आणि २०२८-२९ पासून पाच टक्के असा जैविक वायू मिसळायचा आहे, हे केंद्राने ठरवून दिले आहे. म्हणजे गिऱ्हाईक बांधलेले आहे. सुक्यातला जो भाग कुणी भंगारवाला घेत नाही, त्याचे इंधन, ज्याला या धंद्यात आरडीएफ म्हणतात, सिमेंटच्या भट्टीत जाळता येते; तिथले तापमान चौदाशे अंशांवर असते आणि राख क्लिंकरमध्येच जाते, पुरायला काही उरत नाही. १०० किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांनी पाच टक्के इंधन असे वापरावे हे २०१६ पासूनच लिहिलेले होते. नव्या नियमांत ते सहा वर्षांत पंधरा टक्क्यांपर्यंत जायचे आहे. गोवा आपला असा सुका कचरा कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांना पाठवतो. प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी २०२२ पासून उत्पादकांवर जबाबदारी आहे, पुनर्वापराची प्रमाणपत्रे विकली आणि घेतली जातात.

मग अडते कुठे? अडते पिशवीत. वायूच्या टाकीत जिवाणू काम करतात, आणि त्यांना काच, वाळू, डायपर आणि दुधाच्या पिशव्या चालत नाहीत. वाळू तळाशी बसते, प्लास्टिक वर तरंगून साय धरते, ढवळणारे पाते अडकते, आणि एकदा टाकी उघडून साफ करायची म्हटली की प्रकल्प कितीतरी आठवडे बंद. पुण्याने प्रभागांत पाच-पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प बसवले होते. कल्पना चांगली होती. त्यातले कित्येक बंद पडले किंवा अर्ध्या पोटी चालले, कारण त्यांच्या दारात येणारा ‘ओला’ कचरा ओला नव्हता, मिश्र होता. सिमेंटवाल्यांचेही तसेच. त्यांना ओलावा नको, माती नको आणि पीव्हीसीतला क्लोरीन तर मुळीच नको, कारण त्याने भट्टीच्या वरच्या भागात कवच धरते. चंद्रपूरच्या गडचांदूरपर्यंत किंवा कर्नाटकातल्या वाडीपर्यंत ट्रकने ओल्या चिंध्या आणि प्लास्टिक नेण्याचे डिझेल कोण भरणार? गिऱ्हाईक आहे, पण तुमच्या मालाला नाही. खताचेही तेच. सरकारने २०१६ मध्ये शहरी खताला टनामागे १,५०० रुपये अनुदान जाहीर केले, तरी ज्या शेतकऱ्याच्या हाताला एकदा त्यात काचेचा तुकडा लागला तो पुन्हा घेत नाही. त्याचे काही चुकत नाही.

वीजनिर्मितीबद्दल स्वतंत्र बोलले पाहिजे, कारण नेत्यांना चिमणी आवडते. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्राने कचरा जाळण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला आणि काही आठवड्यांत बंद पडला. कचरा ओला होता, पेटेना. जेवढ्या उष्णतेसाठी तो बांधला होता तेवढी आपल्या कचऱ्यात नव्हती. ही गोष्ट जवळपास चाळीस वर्षांपूर्वीची आहे आणि आजही सल्लागार युरोपातले फोटो दाखवतात. पिंपरी-चिंचवडच्या मोशी प्रकल्पाचे ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. वर्षाला अडीच लाख टन कचरा त्यात जायचा, खर्च सुमारे तीनशे कोटी. तो चालो, पण त्याच्या पोटात काय जाते ते लोकांना कळू द्या. चांगला पुठ्ठा आणि प्लास्टिक जाळून वीज काढायची आणि ते वेचून जगणाऱ्या बाईच्या तोंडचा घास काढायचा, याला आम्ही प्रगती म्हणणार नाही. आणि ओला कचरा सुकवायला त्याच विजेतला वाटा जाळायचा असेल तर हिशेब कुणी तरी जाहीर मांडावा.

खरा रोग मात्र यंत्रात नाही, बिलात आहे. बहुतेक महापालिका वाहतूकदाराला टनावर पैसे देतात. जितके वजन, तितके बिल. पावसाळ्यात ओलीचिंब झालेली गाडी वजनकाट्यावर जास्त भरते आणि ठेकेदार खूश होतो. कचऱ्यात राडारोडा आणि माती मिसळून वजन वाढवल्याचे आरोप कितीतरी सभागृहांत झाले, चौकशा झाल्या, अहवाल कपाटात गेले. आता एखाद्या सोसायटीने आवारातच खत करायला घेतले तर काय होते? तिच्या वाट्याचे वजन काट्यावरून कमी होते. म्हणजे जो नागरिक कायदा पाळतो, तो ठेकेदाराच्या बिलाला खार लावतो. मुकादमाला, ठेकेदाराला, त्याच्या मागे उभ्या असलेल्या माननीयाला, या साखळीत कचरा कमी झाल्याने एकाचाही फायदा होत नाही. म्हणून घराघरांत वेगळा केलेला ओला आणि सुका दारासमोरच घंटागाडीच्या एकाच हौद्यात पडतो, मधली फळी कधीच काढून टाकलेली असते. बाई बादल्या दोन ठेवते आणि समोर दोन्ही एकावर एक रिकाम्या होताना पाहते. तिने तिसऱ्या दिवशी एकच बादली ठेवली तर तिला दंडाची नोटीस लावायला तुमचा आरोग्य निरीक्षक हजर.

प्रकल्पांचेही तेच. आत किती आले याचे पैसे मिळतात. बाहेर काय विकले गेले आणि किती टाकाऊ म्हणून रात्रीच्या डंपरने परत डेपोवर किंवा एखाद्या खाणीच्या खड्ड्यात गेले, याचा आकडा विचारला की ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे’. बायोमायनिंगचा तर नवाच धंदा झाला आहे. एका बाजूने जुना डोंगर चाळून कमी करायचा आणि दुसऱ्या बाजूला ताजा कचरा ओतायचा, दोन्हीचे बिल. चाळून निघालेली माती कुठल्या सखल जमिनीत भरली आणि तिच्यात कोणते जड धातू होते, हे त्या जमिनीच्या शेजारी विहीर असलेल्याला विचारा. त्याला कुणी सांगितलेले नसते.

हे बदलता येते याचा पुरावा परदेशात शोधायला नको. वेंगुर्ल्याची वस्ती बारा हजारांच्या आसपास. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात त्या नगरपरिषदेने कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे करून घेतले आणि डम्पिंग ग्राउंडवर बाग उभी केली. लोक तिथे फिरायला जातात. लहान गाव म्हणून हसणाऱ्यांनी पुण्यातच पाहावे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पाठबळाने उभी राहिली. तिच्यातून आलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला आणि हजारो कचरावेचक दारोदार जाऊ लागल्या. घरे त्यांना थेट शुल्क देतात, सुका माल विकून त्या वर कमावतात, आणि जेवढे वेगळे होईल तेवढे त्यांचे उत्पन्न वाढते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हेही पुण्याला त्यांनीच शिकवले. २०२६ चे नियम आज तोच वेगळा डबा मागत आहेत. या साऱ्या व्यवस्थेत हीच एक जागा आहे जिथे वर्गीकरण करणाऱ्याला वर्गीकरणाचे पैसे मिळतात. आणि दर दोन-चार वर्षांनी कुणी ना कुणी ठेकेदाराच्या गाड्या आणून तीच मोडायला निघतो. कुठल्याही शहरात कुणीही निघाला, तर त्याचे नाव लक्षात ठेवले जाईल.

तेव्हा मागणी ऐका. टनावर वाहतुकीचे बिल देणारे करार नव्वद दिवसांत बदलायला घ्या. पैसे द्यायचे ते वेगळा आलेला माल, विकला गेलेला वायू, खत आणि पुठ्ठा यांवर, आणि टाकाऊ म्हणून परत गेलेल्या प्रत्येक टनामागे कपात. नवी निविदा या अटीविना काढलीत तर ती जुन्याच लुटीची मुदतवाढ समजली जाईल. प्रत्येक वजनकाट्याची रोजची नोंद, गाडी क्रमांकासकट, दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर करा. काटा संगणकाला जोडलेलाच आहे, त्यामुळे ‘यंत्रणा विकसित करत आहोत’ हे उत्तर चालणार नाही. मोठ्या सोसायट्या, हॉटेले, मंगल कार्यालये यांचा ओला कचरा उचलणे ठरलेल्या तारखेपासून थांबवा आणि ज्यांनी खरोखर जिरवला त्यांना करसवलत द्या. कचरावेचकांशी लेखी, दीर्घ मुदतीचा करार करा. आणि शहराच्या हद्दीबाहेर एक गुंठाही नवी जागा मागू नका. हे शेवटचे सगळ्यांत महत्त्वाचे. जोवर दूरची जागा मिळण्याची आशा आहे, तोवर वरचे एकही काम कुणी करणार नाही.

सोसायट्यांच्या अध्यक्ष-सचिवांनाही एक शब्द. कोट्यवधींचे फ्लॅट घेताना बिल्डरने दाखवलेले गांडूळखताचे खड्डे आज गाड्या लावायला वापरले जात आहेत, हे आम्हाला दिसते. ते मोकळे करा. ‘आमच्या आवारात वास नको’ म्हणणाऱ्यांनी एकदा फुरसुंगीत राहणाऱ्या माणसाला घरी चहाला बोलवावे आणि त्याच्या समोर हे वाक्य बोलून दाखवावे.

मुदत संपल्यावर काय? पहिले, राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे आणि तिथे अर्ज करायला वकील लागतोच असे नाही. लवादाच्या आदेशाचे पालन न केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा कोटी रुपयांपर्यंत दंड कायद्याच्या कलम २६ मध्ये लिहिला आहे, आणि कलम २८ प्रमाणे सरकारी खात्याच्या बाबतीत दोषी धरला जातो तो खातेप्रमुख. आजवरच्या अर्जांत प्रतिवादी ‘महापालिका’ असायची. दंड झाला तर तो आमच्याच करातून जायचा. पुढच्या अर्जात पदासोबत अधिकाऱ्याचे नाव असेल, आणि दंड व्यक्तिशः मागितला जाईल. दुसरे, माहिती अधिकारात मिळालेली प्रत्येक काट्याची नोंद आणि प्रत्येक बिल वॉर्डावार छापून लोकांच्या हाती दिले जाईल, निवडून आलेल्यांच्या नावासह. तिसरे, डेपोशेजारच्या गावांनी गाड्या अडवल्या, तर या वेळी शहरातून ‘पुणेकरांना वेठीस धरले’, ‘मुंबईकरांचे हाल’ असे मथळे येणार नाहीत याची काळजी आम्ही घेऊ. गाडी अडवणाऱ्यांच्या बाजूला शहरातले करदाते उभे राहतील. दगड उचलला जाणार नाही, गाडी जाळली जाणार नाही. ती फक्त परत फिरवली जाईल, ज्या वॉर्डातून आली त्या वॉर्डात. पोलीस बंदोबस्त मागण्याआधी मिटमिट्याचे काय झाले ते गृह विभागाला विचारून घ्या.

नव्वद दिवस आजपासून मोजले जात आहेत. पहिल्या आठवड्यात वजनकाट्याची नोंद जाहीर करून दाखवा. तेवढेही जमले नाही, तर उरलेल्या दिवसांची वाट न पाहता आम्ही अर्ज दाखल करू.